रांग शून्य, झाड पाच

१

झाड पडलं. धूळ खाली बसायच्या आत डॉ. हेमचंद्र शेवडे बुंध्यापाशी जाऊन गुडघ्यांवर बसले. त्यांना काळी रेघ बघायची होती.

मुळांतून शिरणारा सुकवा हा रोग आंब्याच्या लाकडात काळपट रेघ ओढत वर चढतो. बाहेरून पानं हिरवीगार असतात, झाड बहरतंसुद्धा, आणि एका उन्हाळ्यात उभ्या उभ्या वाळून जातं. म्हणून मलिहाबादच्या या आम्र-संग्रहात मुळांचे नमुने तपासून झाड आधीच कापायची पद्धत होती. नोकरीच्या तेवीस वर्षांत शेवड्यांनी चाळीसेक झाडं अशी कापून घेतली होती. प्रत्येकाच्या बुंध्यावर ती रेघ होती.

या बुंध्यावर नव्हती.

लाकूड फिकट पिवळं, ओलसर आणि स्वच्छ होतं. शेवड्यांनी रुमालानं भुसा पुसला. चष्मा काढला, परत घातला. मग कटाईवाल्यांना सांगून आणखी एक हात खाली, मुळाजवळ काप घेतला. तिथंही काही नाही.

ते झाड साधं नव्हतं. ती 'सुर्मई' होती, देठाशी काजळासारखी छटा असलेला आंबा देणारी. या जातीचं दुसरं झाड शेवड्यांना गेल्या पंधरा वर्षांत कुठं सापडलं नव्हतं.

सोमवार, दहा सप्टेंबर २०१२. सकाळचे साडेनऊ वाजले होते. कापायच्या झाडांची छापील यादी शेवड्यांच्या खिशात होती. तिच्यावर स्वच्छ लिहिलं होतं: रांग एक, झाड पाच. रोगग्रस्त.

मग निरोगी झाड यादीत आलं कसं?

२

प्रणिता वानखडेचं ऑफिस निशातगंजच्या पाचव्या गल्लीत, वह्यापुस्तकांच्या दुकानावर होतं. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर. नवऱ्याची बँकेतली बदली तिला अमरावतीहून लखनौला घेऊन आली त्याला अकरा वर्षं झाली होती. शाळांच्या आणि चिकनचं भरतकाम विकणाऱ्यांच्या वेबसाइट बनवणं हा तिचा धंदा. पण तिची खरी ख्याती वेगळी होती. दुसऱ्यानं लिहिलेला, बंद पडलेला प्रोग्रॅम तिच्याकडे आणून दिला की ती तो एखाद्या कोड्यासारखा घेऊन बसायची. सुटेपर्यंत तिला जेवण गोड लागत नसे.

मंगळवारी संध्याकाळी शेवड्यांचा फोन आला आणि बुधवारी सकाळी ती मलिहाबादला पोहोचली. शेवडे मूळचे साताऱ्याचे, साठीला आलेले, सरळ ताठ बसणारे. त्यांनी इकडचं तिकडचं काही बोलण्यात वेळ घालवला नाही.

"मला पुरावा पाहिजे, प्रणिताबाई. आमच्याकडं नोंदी करणाऱ्या कल्पना भंगाळेनं रेकॉर्ड बदललंय. कॉम्प्युटरमधून तेवढं काढून द्या. संग्रह चालवणाऱ्या न्यासाच्या बैठकीत ठेवायचं आहे."

"बदललंय हे तुम्हाला कसं कळलं?"

"दुसरं कोण बदलणार? सांगतो." त्यांनी कोरा कागद ओढला. "आमचा माळी मुळांचे नमुने पिशवीत भरतो. पिशवीत चिठ्ठी असते, रांग कुठली, झाड कितवं. कल्पना ते कॉम्प्युटरमध्ये टाकते, पिशवीला एक सांकेतिक नंबर मिळतो, आणि चिठ्ठी फाडून टाकायची असा नियम आहे. प्रयोगशाळेला फक्त नंबर कळतो. तपासणाऱ्याच्या मनात आधीपासून काही नको म्हणून."

"म्हणजे कुठली पिशवी कुठल्या झाडाची, हे फक्त कॉम्प्युटर सांगतो."

"आणि कल्पनानं त्याला जे सांगितलं तेच तो सांगतो. या खेपेला दोन नमुने रोगाचे निघाले. कॉम्प्युटरनं सांगितलं, रांग एकमधलं पाचवं आणि दुसरं. पाचवं म्हणजे सुर्मई. ती तर निरोगी होती. मी कल्पनाला विचारलं. म्हणते, मी रांग शून्य टाकलं होतं. मी तिच्यासमोर नोंद उघडली. तिचं लॉगिन, अठ्ठावीस ऑगस्ट, सकाळी अकरा चाळीस, रांग एक. एकदा नाही, सात नोंदी, सातही रांग एक! त्यावर तिचं आपलं एकच पालुपद. शेवटी सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस."

"रांग शून्य? अशी रांग आहे?"

"आहे. तीन वर्षांपूर्वी कुंपणाची भिंत पलीकडे सरकवली, तेव्हा शेजारची दशहरी आंब्याची सात झाडं आत आली, पहिल्या रांगेच्याही अलीकडे. सगळ्या बागेचे पत्रे काढून नव्यानं नंबर कोण ठोकणार? म्हणून तिला शून्य म्हटलं."

"प्रोग्रॅमच चुकत असेल तर?"

"छे. प्रोग्रॅम चांगला आहे. पूर्वी कोणी रांगेचा रकाना रिकामा सोडला की नोंद अर्धवट राहायची, आता तेही मिटलंय." शेवड्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आणि एक सांगतो. उद्या सकाळी आठला कटाईवाले परत येणार आहेत. यादीतलं दुसरं झाड, जुना सफेदा आंबा. ते थांबवलं आणि रोग खरा असला तर सगळा संग्रह धोक्यात. कापलं आणि तेही निरोगी निघालं तर..."

प्रणितानं विचारलं, "कल्पनाला हे करून काय मिळणार होतं?"

शेवड्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"तिला काही नाही. पण तिला इथं नोकरीला लावणाऱ्याला मिळणार होतं."

३

कल्पनाला नोकरीला लावणारे डॉ. हर्षवर्धन मिश्रा नमुने तपासायच्या प्रयोगशाळेत होते. लखनौचेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. प्रणिताला त्यांनी उठून खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले.

"शेवडे साहब ने भेजा है आपको, हमारा जुर्म साबित करने?" ते हसत म्हणाले. पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोहोचलं नव्हतं.

भांडण जुनं होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. सुर्मई ही वेगळी जात नाहीच, दशहरीच्या कोयीतून उगवलेलं एक चुकार झाड आहे, असं मिश्रांचं मत. तसा लेखही त्यांनी छापला होता. शेवड्यांनी त्यावर सहा पानी उत्तर लिहिलं. वर्षभर दोघं कामापुरतंच बोलत होते.

"झाड गेलं म्हणजे वाद मिटला," प्रणिता हिंदीत म्हणाली. "तुमच्या बाजूनं."

मिश्रा एकदम गंभीर झाले. "मैडम, झाड गेलं म्हणजे मी बरोबर होतो हे सिद्ध करायची सोयही गेली. या हिवाळ्यात मी तिच्या पानांचे नमुने हैदराबादला पाठवणार होतो. आता काय पाठवू?" त्यांनी टेबलाच्या खणातून एक फॉर्म काढून पुढे केला. पानांच्या तपासणीचा अर्ज होता तो, भरलेला. त्यावर ऑगस्टची तारीख होती.

"कल्पनाला तुम्ही नोकरी दिलीत?"

"शिफारस केली. तिचा नवरा चिनहटच्या ज्या कारखान्यात आहे, तिथं माझा मेहुणा आहे. मुलगी हुशार आहे. दोन वर्षांत तिची एक नोंद चुकलेली मी पाहिली नाही."

प्रणितानं प्रयोगशाळेचं रजिस्टर मागितलं. त्यात फक्त नंबर होते. तीनशे तेरा आणि तीनशे अठरा, या दोनांसमोर लाल खूण. कुठलं झाड, कुठली रांग, कशाचा पत्ता नव्हता. मिश्रांना काही बदलायचं म्हटलं तरी काय बदलायचं ते त्यांना कळायचा मार्ग नव्हता.

कल्पनानं आधीच सांगून ठेवलं नसेल तर.

४

"ताई, मी शून्य टाकलं होतं."

फोनवर कल्पनाचा आवाज बारीक येत होता. मागं प्रेशर कुकरची शिट्टी झाली, तेव्हा ती बहुधा दुसऱ्या खोलीत गेली.

"कल्पना, मी तुला खोटं ठरवायला फोन केलेला नाही," प्रणिता म्हणाली. "मला फक्त काय झालं ते सांग. अगदी बारीकसारीक. चिठ्ठीवर काय होतं?"

"आमचे माळी, शब्बन चाचा, आकडे उर्दूत लिहितात. त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. आणि एक म्हणजे उभी रेघ."

प्रणिता सरसावून बसली. "मग ठिपक्याची रेघ वाचली गेली असेल? शाई ओघळली, कागद ओला झाला?"

"सात चिठ्ठ्यांवर? सातही ओघळल्या?" आवाज जरा चढला. "दोन वर्षं वाचतेय मी ते आकडे. सुरुवातीला चाचांनीच शिकवले. त्या दिवशी भिंतीकडच्या रांगेच्या सात पिशव्या आल्या. मी सात वेळा शून्य दाबलं, सात वेळा 'सेव्ह' केलं. पहिल्या रांगेची एकसुद्धा पिशवी नव्हती."

"सेव्ह केल्यावर नोंद परत उघडून पाहिलीस?"

"नाही. नंबर आला की तो पिशवीवर लिहायचा आणि पुढची घ्यायची. एवढंच काम." मग ती हळूच म्हणाली, "ताई, पुढच्या आठवड्यात गणपती. आपल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना कळलंय. काल सासूबाईंनी विचारलं, खरं सांग, कोणाच्या सांगण्यावरून केलंस? मी काय सांगू त्यांना?"

प्रणितानं फोन ठेवला. ही बाई खोटं बोलत असेल तर फार कसलेली असली पाहिजे. आणि खरं बोलत असेल, तर सात शून्यं टेबलावरून कॉम्प्युटरमध्ये जाताना वाटेत कुठं तरी एक झाली होती.

चिठ्ठ्या लिहिणारा माणूस मात्र एकच होता. त्याला अजून कोणी काही विचारलंच नव्हतं.

५

शब्बन मियाँ सुर्मईच्या खोडापाशी उकिडवे बसले होते. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून ते कालच लखनौहून परतले होते. त्यांच्या भोवती ओल्या पोत्यांत गुंडाळलेल्या कोवळ्या काड्या होत्या. तोडलेल्या फांद्यांतून त्या निवडून ते एकेक काडी रोपांवर बांधत होते. कलमं.

"लगेंगी?" प्रणितानं विचारलं.

"तीन हफ़्ते में मालूम पड़ेगा, बिटिया. मौसम निकल गया है, डाल को कटे भी तीसरा दिन है. बस, कोशिश है." त्यांनी काडीला पट्टी आवळली. "हम यहाँ होते तो कटने न देते."

"चाचा, ऑपरेशनच्या आधी नमुने तुम्हीच घेतले होते ना? कुठल्या रांगेचे?"

"दीवार वाली क़तार के. सातों पेड़."

"आणि पहिल्या रांगेचे?"

शब्बन मियाँनी हातातलं काम थांबवलं. "पहली क़तार? उसमें तो हम गए ही नहीं. पहली का नमूना तो चैत में हो चुका था, सब साफ़ निकला था. इस बार सिर्फ़ दीवार वाली थी."

प्रणिता वळून भिंतीकडे बघत राहिली. सात दशहरीची झाडं, गच्च हिरवी, एका ओळीत. त्यांपैकी दोन झाडांच्या पोटात रोग होता आणि ती खुशाल उभी होती. सुर्मईला तर कोणी तपासलंच नव्हतं.

म्हणजे शब्बन मियाँनी शून्य लिहिलं. कल्पनानं शून्य दाबलं. आणि कॉम्प्युटरमध्ये एक.

ती जवळजवळ धावतच ऑफिसात आली. शेवड्यांच्या समोरच कल्पनाच्या टेबलावर बसून तिनं नोंदणीचं पान उघडलं. झाड: तीन. रांग: शून्य. 'सेव्ह'. मग नोंद परत उघडली.

रांग: एक.

"बघा," ती म्हणाली.

शेवडे वाकून बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण पुढच्याच क्षणी ते ताठ झाले आणि त्यांनी माऊस आपल्याकडे घेतला.

"थांबा. असं असेल तर हे काय?"

त्यांनी जुन्या नोंदी उघडल्या. एप्रिल २०१२. रांग शून्य, झाड एक. रांग शून्य, झाड चार. रांग शून्य, झाड सहा. सगळी शून्यं जिथल्या तिथं.

"हाच प्रोग्रॅम, हेच पान, हीच कल्पना," शेवडे म्हणाले. "एप्रिलमध्ये याला शून्य कळत होतं. मग ऑगस्टमध्ये कसं कळेनासं झालं? यंत्र काय विसरतं?"

६

यंत्र विसरत नाही. त्याला कोणी तरी वेगळं शिकवलं तरच ते वेगळं वागतं.

प्रणितानं प्रोग्रॅमच्या फाइली उघडल्या. पीएचपी या भाषेत लिहिलेला साधा, नीटस प्रोग्रॅम. वर लिहिणाऱ्याचं नाव होतं, अनुप दामले. मंडळाच्या नाटकात तबला वाजवणारा दामल्यांचा अनुप, आता नोएडाला नोकरीत. तिनं फोन लावला.

"अनुप, मलिहाबादचा प्रोग्रॅम आठवतो? नोंदणीच्या फंक्शनमध्ये रांगेला डिफॉल्ट एक का दिलंस?"

"अरे ताई, वो नर्सरी के लिए था," अनुप म्हणाला. त्याला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतच यायचं. "नर्सरी में एक ही क़तार है ना. वहाँ वाले पेज से रांग भेजते ही नहीं. न भेजो तो एक मान लो. बाग़ वाले पेज से तो रांग भेजते हैं, वहाँ डिफॉल्ट लगेगा ही नहीं."

"आणि बागेच्या पानावर रकाना रिकामा सोडला तर?"

"तब भी नहीं लगेगा. ख़ाली ही सही, कुछ तो भेजा ना? ख़ाली ही सेव हो जाएगा. उसकी शिकायत आई थी, सर का फ़ोन आया था जून में. मैंने कहा, दिवाली पे आऊँगा तब कर दूँगा."

"म्हणजे तू काही बदललं नाहीस?"

"नहीं ताई. दो साल से फ़ाइल छुई भी नहीं."

प्रणितानं फाइलची तारीख पाहिली. शेवटचा बदल: चौदा जून २०१२, दुपारी सव्वातीन. फंक्शनच्या आत, अनुपच्या नेटक्या ओळींच्या मध्ये, एक ओळ जराशी वाकडी बसली होती. तिच्या वर, कॉम्प्युटर ज्याकडे लक्ष देत नाही अशी एक टीप होती. अक्षरं रोमन, भाषा मराठी:

'रांग रिक्त आल्यास एक धरावी.'

ती त्या ओळीकडे पाहत बसली. कोडं सुटलं होतं. एरवी या क्षणी तिला हसू फुटायचं. आज फुटलं नाही.

मराठी जाणणारे इथं तिघं. अनुप मराठीत लिहीत नाही. कल्पनाला प्रोग्रॅमची फाइल कुठं असते तेही ठाऊक नसणार, आणि तिनं लिहिलं असतं तर 'रिकामी' लिहिलं असतं. 'रिक्त', 'आल्यास', 'धरावी'. असं मराठी लिहिणारा माणूस भिंतीपलीकडच्या खोलीत बसला होता.

ती उठून तिकडे गेली आणि दार लावून घेतलं.

"डॉक्टर, चौदा जूनला तुम्ही प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातलीत का?"

शेवड्यांनी मान वर केली. "हो, ती रिकाम्या रांगेची. अनुपला वेळ नव्हता. मी पुस्तक आणून वाचलं. एकच तर ओळ. आणि चालली ती. त्यानंतर एकही नोंद अर्धवट राहिली नाही." मग तिचा चेहरा पाहून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "का?"

प्रणिता समोर बसली.

"समजा, एका चहाच्या टपरीवर नियम आहे. साखरेबद्दल गिऱ्हाईक काहीच बोललं नाही तर दोन चमचे घालायचे. हे अनुपचं डिफॉल्ट. एक गिऱ्हाईक येतं, काही बोलत नाही, दोन चमचे पडतात. दुसरं गिऱ्हाईक चिठ्ठी देतं, पण चिठ्ठी कोरी. चहावाला म्हणतो, यानं काहीतरी सांगितलं तर आहे, मग माझा नियम लागत नाही. तो कोरी चिठ्ठीच पुढं सरकवतो. या तुमच्या अर्धवट नोंदी."

"बरोबर. म्हणून मी सांगितलं, चिठ्ठीत काही नसेल तरीही दोन घाल."

"हो. पण 'काही नसेल' हे विचारायला तुम्ही जो शब्द वापरलात, तो पीएचपीत फार सैल आहे. त्याला कोरा कागद आणि शून्य दोन्ही सारखेच. आता तिसरं गिऱ्हाईक येतं. त्याच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलंय, शून्य चमचे."

बाहेर कोणी तरी हातपंप मारत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"आणि चहावाला म्हणतो, यात काही नाही," शेवडे म्हणाले. "दोन घाला."

"हो."

"एप्रिलमध्ये माझी ओळ नव्हती. म्हणून शून्य राहिलं."

"हो."

"जुलैमध्ये भिंतीकडचे नमुने घेतलेच नाहीत. ऑगस्टला प्रथमच..." त्यांनी दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले, जणू ते हलू नयेत म्हणून. "म्हणजे सुर्मई मी मारली."

प्रणितानं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाली, "हे अजून मलाच ठाऊक आहे. पण माझं म्हणणं बरोबर की चूक, ते उद्या कळेल. भिंतीकडचं पाचवं आणि दुसरं झाड कापा. सफेद्याला हात लावू नका."

"आणि तुमचं चुकलं तर?"

"तर आणखी दोन निरोगी झाडं जातील," ती म्हणाली. "आणि त्या खेपेला दोष माझा असेल."

७

गुरुवारी आठ वाजता भिंतीकडच्या रांगेपाशी सगळे जमले. मिश्रा थोडे लांब, हात पाठीमागे बांधून उभे. शब्बन मियाँनी काळा चष्मा कपाळावर चढवला होता, डॉक्टरांनी नको म्हटलं असतानाही. प्रणिताला रात्री झोप लागली नव्हती. पडताळा तिनं तीनदा घेतला होता. तरी पाचव्या झाडाची पानं ती राहून राहून पाहत होती. एकही पान पिवळं नव्हतं.

आरी सुरू झाली. झाड कुरकुरलं, कललं, भिंतीला समांतर पडलं.

शेवडे पुढं झाले नाहीत. शब्बन मियाँच वाकले, तळहातानं भुसा झाडला, आणि बाजूला सरले.

फिकट लाकडाच्या मधोमध, कोळशानं ओढावी तशी, काळी रेघ होती. मुळाकडे ती बोटभर रुंद झाली होती.

दुसऱ्या झाडातही होती, जरा बारीक.

मिश्रांनी प्रणिताकडे पाहून मान हलवली. मग ते शेवड्यांपाशी जाऊन उभे राहिले. वर्षभरात प्रथमच, काम नसताना. "हेमचंद्र जी," ते म्हणाले, "सुर्मई की पत्तियाँ अभी सूखी नहीं हैं. जाँच के लिए भेज सकते हैं. आप कहें तो आज ही."

"पाठवा," शेवडे म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, हिंदीत, त्यांनी सांगितलं की कल्पनानं बरोबर नोंद केली होती. प्रोग्रॅममध्ये ओळ त्यांनी स्वतः घातली, ती चुकीची होती, आणि झाड त्यामुळं गेलं. कटाईवाले आरी पुसत राहिले.

प्रणितानं ऑफिसात जाऊन ती ओळ काढली. जागी दुसरी लिहिली, जी फक्त खरोखर कोऱ्या चिठ्ठीलाच कोरी म्हणेल. मग शून्य टाकून पाहिलं, एक टाकून पाहिलं, रिकामं सोडून पाहिलं. ऑगस्टच्या सातही नोंदी दुरुस्त केल्या. ती बाहेर आली तेव्हा शेवडे तिच्या स्कूटरपाशी उभे होते.

"न्यासाला मी पत्र लिहिलंय," ते म्हणाले. "कल्पनालाही लिहीत होतो. चार वेळा लिहिलं आणि फाडलं. तुम्ही शहरात परत जाताय ना? माझी गाडी आहे, स्कूटर उद्या पोचती करतो. चिनहटला माझ्याबरोबर याल?"

८

मलिहाबादहून चिनहट म्हणजे सगळं शहर ओलांडून पलीकडचं टोक. वाटेत शेवडे फक्त एकदा बोलले. "तिचं काय चुकलं हे मी दोन दिवस शोधत होतो," ते म्हणाले. "माझी ओळ मला एकदाही आठवली नाही."

भंगाळ्यांचं घर कारखान्याच्या मागच्या वसाहतीत पहिल्या मजल्यावर होतं. दार कल्पनानंच उघडलं. अठ्ठावीस-तीस वर्षांची, सडपातळ, हाताला भिजवलेली कणीक लागलेली. शेवड्यांना पाहून तिनं पदर सावरला, पण 'या' म्हटलं नाही.

शेवड्यांनी उंबऱ्याबाहेरच उभं राहून सांगितलं. सगळं. चौदा जूनची ओळ, चहाची टपरी, काळी रेघ. मध्ये त्यांनी एकदाही 'तांत्रिक' हा शब्द वापरला नाही. शेवटी म्हणाले, "तू बरोबर होतीस. मी तुला खोटं ठरवलं. सोमवारपासून ये. आणि येणार नसलीस तरी, माझं पत्र तुझ्यापाशी राहू दे."

कल्पना ऐकत होती. बोटांची कणीक ती सावकाश काढत होती.

"सर, मी तुम्हाला सांगत होते, मी शून्य टाकलं. तुम्ही नोंद उघडून मला दाखवलीत. लॉगिन दाखवलंत, वेळ दाखवलीत." तिचा आवाज शांत होता. "मी सात वेळा तरी म्हटलं असेल. तुम्ही एकदा शून्य टाकून का नाही पाहिलंत?"

प्रणिताला वाटलं, आपण काही तरी बोलावं, मध्ये पडावं. ती एक पाऊल मागं सरली. तो प्रश्न ज्याला विचारला होता त्याचाच होता.

"कारण मला वाटलं, मला ठाऊक आहे," शेवडे शेवटी म्हणाले.

कल्पनानं मान हलवली, जणू हे उत्तर तरी खरं आहे एवढं तिला पटलं. मग ती दारातून बाजूला झाली.

"सोमवारचं मी बघते. आधी आत या. सासूबाई जाग्याच आहेत. मंडळात त्यांना दोघी-तिघींनी विचारलं होतं, आणि त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं." तिनं आतल्या खोलीकडे हात केला. "मला जे सांगितलंत तेच त्यांना सांगा. असंच, सगळं. त्यांना कॉम्प्युटर कळत नाही, पण चहा कळतो."

शेवड्यांनी दाराशी चपला काढल्या. शर्टाच्या बाहीनं चष्मा पुसला. आत पलंगावर एक वृद्ध बाई गव्हातले खडे निवडत बसल्या होत्या. पावलांची चाहूल लागून त्यांनी मान वर केली.

"बाई," शेवडे जमिनीवर, त्यांच्या समोर मांडी घालून बसत म्हणाले, "मी हेमचंद्र शेवडे. तुमच्या सुनेवर ज्यानं आळ घेतला, तो मी."

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि डोळ्यांवरचा चष्मा नीट बसवला.

"बोला," त्या म्हणाल्या.